पोटातला ताण आणि जनुकांची दारे

आपल्या मराठी भाषेत मनाची निम्मी सुखदुःखे पोटात राहतात. वाईट बातमी ऐकली की पोटात गोळा येतो. परीक्षेला निघताना पोटात कालवाकालव होते. शेजाऱ्याचे बरे झाले की काहींच्या पोटात दुखते, आणि घरची अडचण शहाणा माणूस पोटात ठेवतो. हे वाक्प्रचार ज्यांनी रूढ केले त्यांनी शरीरशास्त्र शिकलेले नव्हते, पण त्यांचे निरीक्षण पक्के होते. चरकसंहितेतही सांगितले आहे की चिंता, शोक, भय आणि क्रोध यांनी घेरलेल्या माणसाला पथ्याचे व बेताचे अन्नसुद्धा नीट पचत नाही.

आज ज्या आजाराबद्दल लिहायचे आहे तो याच गोष्टीचा आजार आहे. त्याचे नाव इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, थोडक्यात आयबीएस. आपण त्याला 'चिडखोर आतडे' म्हणू.

चारठाण्यासारख्या गावात दवाखाना चालवताना असे रुग्ण मला आठवड्यातून दोन-चार तरी भेटतात. हातात कापडी पिशवी, पिशवीत जाडजूड फाईल. दोन वेळा सोनोग्राफी, एकदा दुर्बिणीची तपासणी, रक्त, लघवी, शौच, सगळे रिपोर्ट चांगले. तरी पोट दुखते, वात धरतो, कधी जुलाब तर कधी चार दिवस कुंथणे. एसटीने परभणीला जायचे असेल तर ही माणसे सकाळचा चहासुद्धा घेत नाहीत, कारण वाटेत लागली तर काय करायचे ही धास्ती.

अशा माणसाला दोन प्रकारची उत्तरे मिळतात. कोणी म्हणतो, "तुम्हाला काही झालेले नाही, हे मनाचे खेळ आहेत." कोणी म्हणतो, "आतून काहीतरी मोठे असणार, अजून एक तपासणी करा." पहिल्या उत्तराने माणूस खजील होतो आणि घरचे त्याला कामचुकार समजू लागतात. दुसऱ्या उत्तराने तो कर्जबाजारी होतो. दोन्ही उत्तरे चुकीची का आहेत ते गेल्या वीसएक वर्षांतील जनुकांविषयीच्या संशोधनाने चांगले उलगडून दाखवले आहे. ते सोपे करून सांगण्याचा हा प्रयत्न.

आजार ओळखावा कसा?

जगभरचे पोटविकारतज्ज्ञ आयबीएसचे निदान 'रोम निकषां'वर करतात. २०१६ साली ठरलेल्या निकषांप्रमाणे गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी निदान एक दिवस पोटात दुखत असावे, आणि पुढील तीनपैकी दोन गोष्टी त्याबरोबर असाव्यात : दुखण्याचा शौचाशी संबंध असणे, शौचाच्या वेळा बदलणे, शौचाचे स्वरूप बदलणे. त्रास सुरू होऊन सहा महिने झालेले असावेत. बरोबरच पोट फुगणे, पोट साफ न झाल्याची भावना, शौचावाटे आव पडणे हेही दिसते.

आव पडली की आपल्याकडे लगेच 'आमांश' ठरवला जातो, आणि दुकानातून आमांशाच्या गोळ्या आणून खाल्ल्या जातात. चार दिवस बरे वाटते, पुन्हा तेच. असे वर्षातून सहा-सात वेळा गोळ्यांचा कोर्स करणारे लोक मी पाहिले आहेत. आयबीएसमध्येही आव पडते, आणि तिथे आमांशाच्या गोळ्यांचा काही उपयोग नसतो.

हा आजार दुर्मीळ नाही. भारतीय गॅस्ट्रोएंटरॉलॉजी सोसायटीच्या कार्यगटाने २००८ साली देशातील अनेक केंद्रांमधून माहिती गोळा करून अहवाल प्रसिद्ध केला. त्यात सर्वसाधारण लोकांमध्ये शंभरात सुमारे चार जणांना आयबीएस असल्याचे आढळले. म्हणजे हजार मतदारांच्या गावात चाळीसएक माणसे! पाश्चात्त्य देशांत या आजाराच्या रुग्णांत स्त्रिया अधिक असतात, आपल्याकडे दवाखान्यात पुरुष अधिक दिसतात. आपल्या बायका दुखणे अंगावर काढतात, हे त्याचे मोठे कारण असावे असे मला वाटते.

आतड्याचा स्वतःचा मेंदू

आपल्या अन्नमार्गाच्या भिंतीत दहा ते पन्नास कोटी मज्जापेशींचे जाळे आहे. मेंदूचा हुकूम न घेताही हे जाळे अन्न पुढे ढकलणे, पाचक रस सोडणे ही कामे करते. म्हणूनच शास्त्रज्ञ त्याला 'दुसरा मेंदू' म्हणतात. मनाच्या स्थितीशी ज्याचे नाव जोडले जाते ते सिरोटोनिन नावाचे रसायन शरीरात नव्वद टक्क्यांहून अधिक आतड्यातच तयार होते. डोक्यातला मेंदू आणि हा पोटातला मेंदू यांच्यात सतत निरोपांची ये-जा चालू असते.

ताण आला की मेंदूतून एक संप्रेरक सुटते. त्याच्या हुकमाने मूत्रपिंडावरील ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचे दुसरे संप्रेरक रक्तात सोडतात. याच वेळी जठराची हालचाल मंदावते आणि मोठ्या आतड्याची वाढते. भूक मरते आणि शौचाला मात्र धावावे लागते, त्याचे कारण हे.

अमेरिकेतील डॉ. थॉमस आल्मी यांनी १९४० च्या दशकात याचा एक प्रसिद्ध पुरावा दिला. वैद्यकीय शाखेचा एक विद्यार्थी प्रयोगासाठी तयार झाला होता. त्याच्या मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी चालू असताना डॉक्टरांनी कर्करोगाची गाठ दिसल्याचे नाटक केले. त्याबरोबर त्याचे आतडे त्यांच्या डोळ्यांदेखत आवळले गेले. नाटक असल्याचे सांगताच ते पुन्हा सैल पडले. आजच्या काळात असा प्रयोग करायला कोणी परवानगी देणार नाही, पण भीती आतड्यापर्यंत पोहोचते हे त्या दिवशी उघड्या डोळ्यांनी दिसले.

पुढे १९७३ साली एका अभ्यासात रुग्णांच्या आतड्याच्या शेवटच्या भागात छोटा फुगा फुगवून पाहिला गेला. निरोगी माणसाला ज्या ताणाने काही वाटत नाही, तेवढ्यानेच चिडखोर आतड्याच्या रुग्णाला कळ येत होती. म्हणजे या रुग्णांची वेदना खोटी नाही. त्यांच्या मज्जातंतूंचा आवाज वाढलेला आहे. प्रश्न उरतो तो असा : भीती गेली की आतडे सैल पडायला हवे. मग काहींचे आतडे महिनोन् महिने चिडलेलेच का राहते? याचे उत्तर जनुकांच्या नियंत्रणात सापडू लागले आहे.

एकच पाणी, वेगवेगळी दारे

आपल्या प्रत्येक पेशीत आईवडिलांकडून आलेली सुमारे वीस हजार जनुके असतात. एकेक जनुक म्हणजे एखादे प्रथिन तयार करण्याची कृती. डोळ्याच्या पेशीत आणि आतड्याच्या पेशीत जनुके तीच असतात, पण कोणते चालू ठेवायचे आणि कोणते बंद, हे प्रत्येक ठिकाणी निराळे ठरते. यालाच जनुकांचे नियंत्रण म्हणतात.

शेतात दारे धरणाऱ्याला हे चटकन समजेल. विहीर एकच, पाट एकच. पण तो खोऱ्याने माती ओढून एका वाफ्याचे दार बंद करतो आणि दुसऱ्याचे फोडतो. पाटाची आखणी बदलत नाही, पाणी मात्र वेगळ्या वाफ्यात जाते. पेशीतही असेच घडते. 'मेथिल' नावाचा एक छोटा रासायनिक गट जनुकाच्या तोंडाशी चिकटला की बहुधा ते जनुक गप्प होते. ही झाली दारावर ओढलेली माती. जनुकांचा धागा ज्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो त्यांवर 'अॅसिटिल' गट बसला की धागा सैल होतो आणि जनुक बोलू लागते. हे झाले फोडलेले दार. मूळ जनुकात काना-मात्रेचाही फरक होत नाही.

दारे धरणारा कोण? अन्न, वय, जंतुसंसर्ग असे पुष्कळ आहेत. त्यांतला एक जबरदस्त गडी म्हणजे ताण. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २००४ साली दाखवले की ज्या उंदरीण आपल्या पिलांना फारसे चाटत-गोंजारत नाहीत, त्यांच्या पिलांच्या मेंदूत कॉर्टिसॉलचा निरोप झेलणाऱ्या जनुकाच्या तोंडाशी मेथिलची माती जास्त असते. अशी पिले मोठेपणी लवकर घाबरतात आणि उशिरा शांत होतात. तीच पिले जन्मताच मायाळू उंदरिणीच्या कुशीत ठेवली तर ती शांत निपजतात. आईच्या मायेचा ठसा जनुकाच्या दारापर्यंत उमटतो, एवढे यातून कळले.

पाण्यातले उंदीर आणि मिरचीचे जनुक

आता पोटाकडे येऊ. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात डॉ. जॉन वायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. पाण्याच्या टाकीच्या मध्ये एक लहानसा ठोकळा, आणि त्यावर उंदीर. रोज एक तास, असे दहा दिवस. उंदराला मार नाही, उपास नाही. फक्त चारी बाजूंनी पाणी आणि सुटकेची वाट नाही. दहा दिवसांनी त्याच्या आतड्यात फुगा फुगवला तर त्याला पूर्वीपेक्षा जास्त वेदना होऊ लागल्या.

मग आतड्याकडून पाठीच्या कण्याकडे निरोप नेणाऱ्या मज्जापेशी तपासल्या गेल्या. तीन बदल दिसले. कॉर्टिसॉलचा निरोप झेलून 'आता शांत व्हा' असे सांगणाऱ्या जनुकावर मेथिलची माती चढली होती. वेदना दाबणारे आणखी एक जनुक असेच मंदावले होते. उलट वेदना जाणवून देणाऱ्या एका जनुकाचे दार फोडले गेले होते.

हे तिसरे जनुक आपल्या ओळखीचे आहे. ते ज्या प्रथिनाची कृती सांगते त्याचे नाव टीआरपीव्ही-१. हिरव्या मिरचीचा ठेचा खाल्ल्यावर जिभेला जी आग होते ती याच प्रथिनामुळे. मिरचीतील तिखट द्रव्य त्याला जाऊन चिकटते. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ साली ते शोधले आणि २०२१ सालच्या नोबेल पारितोषिकाचे ते सहमानकरी झाले. ताणाने नेमके हेच जनुक चेतवले जाते! मिरची न खाताच आतड्याला मिरची झोंबावी, अशी ही अवस्था. आयबीएसच्या रुग्णांच्या आतड्याच्या तुकड्यांतही हे प्रथिन असलेले मज्जातंतू वाढलेले असतात, असे लंडनमध्ये २००८ साली आढळले होते.

वायली यांच्या प्रयोगातील दोन गोष्टी मला विशेष मोलाच्या वाटतात. एक, हे बदल आतड्याशी जोडलेल्या मज्जापेशींत दिसले, पायाकडे जाणाऱ्या मज्जापेशींत दिसले नाहीत. ताणाचा घाव पोटावरच का बसतो याचा हा धागा आहे. दोन, माती ओढणारी आणि दार फोडणारी विकरे दाबून टाकली तेव्हा उंदरांच्या वेदना कमी झाल्या. याचा अर्थ दार एकदा लागले म्हणून कायमचे लागले असे नाही. ते पुन्हा उघडते.

हे प्रयोग उंदरांवरचे आहेत, हे विसरू नये. माणसांतील अभ्यास चालू आहेत. जनुकांची दारे तपासून आयबीएस ठरवणारी रक्ततपासणी आज वापरात नाही, तेव्हा अशा तपासणीच्या नावाने कोणी मोठी रक्कम मागितली तर देऊ नये.

मग हा आजार घराण्यातून येतो काय?

"माझ्या आईलाही असेच होते, आता माझ्या पोरीला होणार का?" असे एका बाईंनी मला विचारले होते. अमेरिकेत जुळ्या भावंडांचा एक अभ्यास २००१ साली झाला. जनुके तंतोतंत सारखी असलेल्या जुळ्यांत एकाला आयबीएस असेल तर दुसऱ्यालाही असण्याचे प्रमाण शंभरात १७ होते, तर साध्या जुळ्यांत शंभरात ८. म्हणजे वारसा आहे. पण तंतोतंत सारखी जनुके असूनही शंभरातील ८३ जणांत दुसरे भावंड सुटलेच की! त्याच अभ्यासात असेही दिसले की आईला किंवा वडिलांना हा त्रास असणे ही गोष्ट जुळ्या भावंडाला त्रास असण्यापेक्षा जास्त वजनाची ठरते. घरात पोटाची धास्ती कशी घेतली जाते ते मूल पाहून शिकते.

पुढे २०२१ साली पन्नास हजारांहून अधिक रुग्णांची जनुके तपासली गेली. आयबीएसशी संबंधित अशी सहा ठिकाणे सापडली, आणि त्यांतील बरीचशी चिंता व मनःस्थितीच्या विकारांशीही जोडलेली निघाली. चिंतेमुळे पोट बिघडते किंवा पोटामुळे चिंता वाढते, एवढेच ते नाते नाही. दोघांची मुळे काही अंशी एकाच मातीत आहेत. एकट्या जनुकांचा वाटा मात्र थोडाच आहे. त्या बाईंना मी हेच सांगितले की पोरीला पाट तुमच्याकडून मिळाला असेल, दारे धरणे अजून तिच्या आणि तुमच्या हातात आहे.

जंतुसंसर्गाचाही यात हात असतो. कॅनडातील वॉकरटन या छोट्या गावात मे २००० मध्ये नळाचे पाणी दूषित झाले, दोन हजारांहून अधिक लोक आजारी पडले आणि सात जण दगावले. जुलाब थांबल्यावरही अनेकांचे आतडे वर्षानुवर्षे चिडखोर राहिले. जुलाबाच्या मोठ्या आजारानंतर दहातल्या एकाला असे होऊ शकते, आणि त्या काळात मनावर ताण असेल तर शक्यता वाढते. उन्हाळ्यात टँकरचे पाणी पिणाऱ्या आपल्या गावांनी पाणी उकळण्याचा कंटाळा करू नये, त्याचे हे आणखी एक कारण.

करायचे काय?

एका कास्तकाराची हकीकत सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. तीन वर्षे पोटदुखी, सगळ्या तपासण्या नीट. आणखी मोठ्या तपासणीसाठी जोडीतला एक बैल विकून हैदराबादला जायचे त्यांनी ठरवले होते. मी त्यांना तीन आठवडे वही लिहायला लावली : काय खाल्ले, किती झोप झाली, पोट केव्हा दुखले, त्या दिवशी घरात काय घडले. वही भरल्यावर त्यांनाच दिसले की तिखटापेक्षा कर्जाच्या नोटिशीच्या दिवशी आणि मुलीच्या सोयरिकीच्या बोलण्याच्या दिवशी पोट जास्त दुखते. बैल दावणीलाच राहिला. त्रास पूर्ण गेलेला नाही, पण महिन्यातून दोन-तीन दिवसांवर आला आहे. अशा रुग्णांना मी जे सांगतो ते असे :

१. वही लिहा. औषधापूर्वीचे हे औषध आहे.

२. जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा बांधा. चहा दोन कपांवर आणा. तंबाखू आणि गुटखा बंद करा.

३. हरभऱ्याची डाळ, राजमा, कच्चा कांदा, दूध, जास्त गहू यांनी काहींचे पोट फुगते. एकेक पदार्थ दोन आठवडे बंद करून पाहा. फरक पडला नाही तर पुन्हा सुरू करा. सगळेच सोडून अंग वाळवू नका. ज्वारीची भाकरी बहुतेकांना मानवते.

४. शौचाला कुंथावे लागत असेल तर इसबगोल भरपूर पाण्याबरोबर घ्या.

५. रोज अर्धा तास चाला, आणि पंधरा मिनिटे संथ दीर्घ श्वसन किंवा योगासने करा. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत २००४ साली जुलाबाच्या प्रकारातील रुग्णांच्या एका लहान अभ्यासात योगाचा दोन महिन्यांत नेहमीच्या औषधाइतका गुण आला होता. संथ श्वासाने ताणाचा जोर उतरतो आणि आतड्याला 'आता धोका टळला' हा निरोप जातो.

६. डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलीन नावाची गोळी लहान मात्रेत लिहून दिली तर "ही तर वेड्याची गोळी" म्हणून फेकू नका. इंग्लंडमध्ये २०२३ साली ४६३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत १० ते ३० मिलिग्रॅम इतक्या लहान मात्रेने आयबीएसचा त्रास स्पष्ट कमी झाला. मज्जातंतूंचा वाढलेला आवाज ती खाली आणते. काचबिंदू, हृदयविकार किंवा लघवी अडण्याचा त्रास असेल तर तसे आधी सांगावे. ही गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये.

७. मनातले कोणाजवळ तरी बोला. गावात बोलण्याची चोरी वाटत असेल तर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे. कर्ज, नापिकी, सोयरीक हे प्रश्न गोळीने सुटत नाहीत, हे मलाही कळते. पण तो भार एकट्याने पोटात ठेवला तर पोटच तो फोडून दाखवते.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

पुढील गोष्टी आयबीएसच्या नाहीत : शौचावाटे रक्त पडणे, वजन घटणे, रोज संध्याकाळी ताप, रक्त कमी होणे, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पोटात गाठ हाताला लागणे, पंचेचाळीस-पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास, किंवा जवळच्या नात्यात आतड्याचा कर्करोग. आपल्याकडे आतड्याचा क्षयही आढळतो आणि तो औषधांनी बरा होतो. यातले काहीही असेल तर आसनांवर आणि इसबगोलावर वेळ घालवू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे आणि तेथून परभणीच्या जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी घ्यावी. या खुणा नसतील, साध्या तपासण्या एकदा नीट झाल्या असतील, तर त्याच त्या तपासण्या पुन्हा करण्यात पैसा घालवू नये.

घरच्या मंडळींनाही एक विनंती आहे. पोट धरून बसलेल्या माणसाला "सोंग करतो" असे म्हणू नका. त्याची वेदना पेशीच्या आत, जनुकाच्या दारापर्यंत जाऊन पोहोचलेली असते. आणि अशा बोलण्याने त्या दारावर आणखी एक खोरे माती पडते.